द्वारसभेत वर झालेले हात

लोट्याच्या एमआयडीसीत दुपारी तीनला पहिली पाळी सुटते आणि दुसरी आत जाते. त्या पंधरा-वीस मिनिटांत गेटवर जी गर्दी होते, तिच्यासमोर उभं राहून बोलणाऱ्याला वाटतं की अख्खा कारखाना आपल्यापुढे उभा आहे. अठरा वर्षांपूर्वी, जुलैच्या धो धो पावसात, अशाच एका द्वारसभेत संघटनेच्या सरचिटणिसाने विचारलं, "संपाला कोण कोण तयार?" छत्र्या डाव्या हातात गेल्या आणि उजवे हात वर झाले. सरचिटणिसाने शंभर पानी वहीत आकडा लिहिला : १६८. तो सरचिटणीस मी होतो.

करार संपून आठ महिने झाले होते. मागणीपत्रक दिलं होतं, अकरा बैठका झाल्या होत्या आणि गाडी एकाच आकड्यावर अडली होती. तीन वर्षांच्या कराराला संघटना चार हजारांची वाढ मागत होती, व्यवस्थापन अठराशेच्या वर सरकत नव्हतं. दर बैठकीत चहा, मग 'वरती विचारून सांगतो', मग पुढची तारीख. कारखान्याचं नाव इथे देत नाही. त्या कारखान्याचा हिशेब मांडायला हे लिहीत नाही. आज लोट्यात, महाडला, रोह्याला, कुरकुंभला ज्यांचे करार रखडले आहेत, त्या संघटनांतल्या मुलांसाठी हे लिहिलं आहे. त्यांच्या मागण्या रास्त आहेत आणि संपाचा हक्क त्यांचा आहे. फक्त नोटिशीवर सही करण्याआधी आपल्यामागे नक्की कोण उभं आहे, हे त्यांना कळलेलं असावं. आमच्या संघटनेला ते कळलं नव्हतं.

त्या १६८ हातांचं काय झालं, ते आधी सांगतो. कारखान्यात परमनंट कामगार होते २०४. द्वारसभेला पहिली आणि दुसरी पाळी हजर होती. रात्रपाळीवाले घरी झोपलेले होते, काही धामणदेवीला, काही घाणेखुंटला, काही थेट चिपळूणला. म्हणजे २०४ पैकी १६८ जण गेटवर असणं शक्यच नव्हतं. मोजलेल्या हातांत ठेकेदाराच्या पोरांचे हात होते. त्यांना संघटनेत मत नव्हतं आणि त्यांच्यासाठी मागणीपत्रकात एक ओळही नव्हती, तरी त्यांनी हात वर केले. ते का केले, हे कुणी त्यांना विचारलं नाही. आणि परमनंटांपैकी कितींनी शेजारच्याचा हात वर गेला म्हणून आपला वर केला, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

संप ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला. वहीत रोजची नोंद आहे. पहिल्या दिवशी गेटसमोरच्या ताडपत्रीखाली १५२ माणसं. आठव्या दिवशी ९७. पंधराव्या दिवशी ५४.

कोकणातल्या कामगाराला संपाचं शिक्षण वेगळं द्यावं लागत नाही, असं आम्ही तेव्हा म्हणायचो. ते पूर्ण खोटं नव्हतं. रत्नागिरी हा मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा, आणि त्या मनीऑर्डरी गिरणगावातून येत. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप केला, तेव्हा खेड-चिपळूण-गुहागरच्या गावागावांत माणसं परत आली. लावणीला उभी राहिली, भाताच्या पेजेवर दिवस काढू लागली. संप इतका लांबला त्याला हे गावाकडचं घर मोठा आधार होतं. लोट्यातल्या आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांचे बाप त्या संपातून परत आलेले. माझेही.

त्या संपाची आठवण दोन टोकांनी सांगितली जाते. कुणी म्हणतं सामंतांनी कामगार बुडवला, कुणी म्हणतं मालकांनी आणि सरकारने मिळून बुडवला. मला त्यातली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली मान्यता होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि कामगार होते सामंतांच्या मागे. रस्त्यावर लाखोंचा पाठिंबा आणि वाटाघाटीच्या टेबलावर त्या पाठिंब्याला खुर्चीच नाही, अशी ती कोंडी होती. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. लाखाच्या वर माणसांची नोकरी मात्र गेली. संपाचा पाठिंबा किती, हा जसा प्रश्न असतो, तसा तो कायद्याच्या आणि कराराच्या भाषेत कुठे नोंदलेला आहे, हाही असतो. आमच्या बाबतीत उलटं होतं. आमची संघटना मान्यताप्राप्त होती, टेबलावर खुर्ची होती, पण मागे किती जण आहेत हे लेखी कुठेच नव्हतं.

इथेच आमचा पाय घसरला. महाराष्ट्रात तेव्हा आमच्यासारख्या कारखान्यांना १९७१ चा संघटना-मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांविषयीचा कायदा लागू होता, ज्याला सगळे 'एमआरटीयू-पल्प' म्हणतात. त्या कायद्यात स्पष्ट आहे की मान्यताप्राप्त संघटना असेल तिथे नोटीस देण्यापूर्वी संघटनेच्या बहुसंख्य सभासदांनी संपाच्या बाजूने मत दिलेलं असलं पाहिजे. मग विहित नमुन्यात नोटीस आणि नोटिशीनंतर चौदा दिवसांची वाट. नोटीस आम्ही दिली, दिवस मोजले. मतदान मात्र 'द्वारसभेत एकमताने' एवढ्या दोन शब्दांत उरकलं. कंपनी कामगार न्यायालयात गेली. आमच्याकडे मतपत्रिका नव्हत्या, सह्यांची यादी नव्हती, फक्त माझी वही होती. आणि वहीतला आकडाच सांगत होता की तो परमनंटांचा असू शकत नाही. एकविसाव्या दिवशी संप बेकायदेशीर ठरला. त्याच कायद्यात सोय आहे की असं जाहीर झाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत संप मागे घेतला, तर तो त्या कायद्यापुरता बेकायदेशीर धरला जात नाही. ही ओळ वकिलांनी वेळेवर दाखवली म्हणून बहुतेकांची नोकरी वाचली. बाविसाव्या दिवशी ताडपत्री काढली.

आता कायदा बदलला आहे आणि हे प्रत्येक संघटनेने मन लावून वाचायला हवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली. पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात संपापूर्वीच्या नोटिशीची सक्ती सार्वजनिक उपयोगाच्या सेवांपुरती होती, ती आता सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना आली. नोटीस दिल्यापासून चौदा दिवस संप करता येत नाही आणि नोटिशीचं आयुष्य साठ दिवसांचं. समेटाची कार्यवाही चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप नाही. समेट अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली की कार्यवाही सुरू झाली असं धरतात, म्हणजे नोटिशीचे चौदा दिवस संपण्याआधी ती बैठक लागली, तर तुमची ठरवलेली तारीख हातची गेली. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली, तर तोही संपच. वाटाघाटीचा एकट्याने हक्क हवा तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा हवा. तेवढा कुणाकडेच नसेल तर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी घेऊन परिषद बनते. बेकायदेशीर संपात सामील झालेल्याला एक हजार ते दहा हजार रुपये दंड किंवा महिनाभरापर्यंत कैद, आणि तो चिथावणाऱ्याला किंवा जाणूनबुजून पैसा पुरवणाऱ्याला दहा ते पन्नास हजार.

या शेवटच्या कलमाकडे लक्ष द्या. संपासाठी मदत मागायला बाहेर पडणारी संघटना दुकानदाराकडे, शेजारच्या कारखान्यातल्या मित्रांकडे, मुंबईच्या चाकरमान्यांकडे जाते. संपच बेकायदेशीर असेल तर देणाऱ्या माणसालाही आपण अडचणीत आणतो. म्हणून मदतीची पावती फाडण्याआधी नोटीस, मतदान आणि समेटाच्या तारखा वकिलाच्या डोळ्याखालून गेलेल्या असाव्यात.

संपात सगळ्यात आधी काय तुटतं? आमच्याकडे पतपेढी तुटली. कामगारांच्या पतपेढीचे हप्ते पगारातून वळते होतात. पगार थांबला की हप्ता थांबला, हप्ता थांबला की जामीनदाराला नोटीस, आणि जामीनदार म्हणजे ताडपत्रीखाली शेजारी बसलेलाच माणूस. दहाव्या दिवशी दोन जिवलग मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले, त्याचं कारण हे होतं. संपाची तयारी म्हणजे आधी पतपेढीच्या संचालकांशी बसून हप्ते पुढे ढकलण्याचा ठराव करून घेणं, हे आमच्या स्वप्नातही नव्हतं.

निधी जमवला होता. माणशी पाचशे, म्हणजे एक लाख दोन हजार. तो आकडा आम्हाला फार मोठा वाटला होता, पण पहिल्या आठवड्यात माणशी पाचशे परत वाटले की तिजोरी रिकामी. अमेरिकेत २०२३ च्या सप्टेंबरात युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेने तीन मोठ्या मोटार कंपन्यांत संप पुकारला, तेव्हा तिच्या संपनिधीत सुमारे ८२.५ कोटी डॉलर होते आणि संपावरच्या सभासदाला आठवड्याला ५०० डॉलर मिळत होते. तेवढा निधी असूनही त्यांनी सगळे कारखाने एकदम बंद केले नाहीत. आधी तीन निवडले आणि मग एकेक वाढवत गेले. तो पैसा संपाच्या तोंडावर जमलेला नव्हता, वर्षानुवर्षांच्या वर्गणीतून साठलेला होता. लोट्यातली संघटना डॉलरचे आकडे गाठणार नाही, पण हिशेब तिलाही करता येतो. मागच्या कराराची सही झाल्याच्या महिन्यापासून माणशी शंभर रुपये बाजूला पडले असते, तर आमच्या २०४ जणांचे तीन वर्षांत सात लाख चौतीस हजार झाले असते. तेही सगळ्यांना पुरले नसते. पण ज्यांच्या घरात आजारपण आहे, ज्यांची एकट्याचीच कमाई आहे, अशा तीस-चाळीस घरांना महिना-दोन महिने धरून ठेवता आलं असतं, आणि संप मोडायला सुरुवात नेहमी त्याच घरांपासून होते.

हिशेबाबद्दल आणखी एक. अकराव्या दिवशी कुजबुज सुरू झाली की निधी खाल्ला. कुणी खाल्ला नव्हता. पण जमाखर्च माझ्या पिशवीत होता, फळ्यावर नव्हता. रोज संध्याकाळी गेटसमोरच्या फळ्यावर खडूने जमा-खर्च-शिल्लक लिहिलं असतं, तर ती कुजबुज उठलीच नसती.

घरच्या बायकांना आम्ही विचारलं नव्हतं. नोटीस दिली त्या रात्री घरी सांगितलं, तेव्हा ही एवढंच म्हणाली, "अहो, किती दिवसांचा? मला वाण्याला काय सांगायचं ते सांगा." उत्तर नव्हतं. संप सुरू होईल तेव्हा गणपती चार आठवड्यांवर येणार होते. कोकणात गणपतीच्या आधीच्या महिन्यात घरात पैसा थांबवणं म्हणजे काय, हे स्वयंपाकघरात विचारलं असतं तर पहिल्या मिनिटाला कळलं असतं. मुंबईची माणसं येणार, रंग काढायचा, आरतीचा, भजनाचा खर्च. कंपनीला ती तारीख माहीत होती. कंपनीला दुसरंही एक माहीत होतं, जे आम्हाला गोदामातल्या पोरांनी सांगूनही आम्ही कानाआड केलं : खरिपाच्या फवारणीचा माल जूनपर्यंतच डेपोत पोचला होता. ऑगस्टात प्लांट तीन आठवडे थंड राहिला तरी त्यांचं काही अडत नव्हतं. वाटाघाटी तुटण्याची खरी वेळ फेब्रुवारी-मार्चात होती आणि त्या वेळी आम्ही चहा पीत पुढची तारीख घेत होतो.

माल दुसरीकडे बनू शकतो का, हेही पाहावं लागतं. चाकणच्या बजाज ऑटोमध्ये २५ जून २०१३ ला विश्व कल्याण कामगार संघटनेने संप सुरू केला. कामगारांना एक रुपया दराने पाचशे शेअर द्यावेत, ही त्यांची मागणी देशभर गाजली. कंपनीने वाळूजच्या कारखान्यात उत्पादन वळवलं आणि पन्नास दिवसांनी संप विनाअट मागे घ्यावा लागला. चाकणच्या कामगारांची जिद्द कमी नव्हती. पण वाळूजमध्ये तीच गाडी बनत असताना चाकणचं गेट बंद करून दबाव किती येणार, हे गणित संपाच्या आधी मांडायचं असतं आणि वाळूजच्या कामगाराशी त्याआधीच बोलायचं असतं.

आता ठेकेदारी कामगारांविषयी. चौथ्या दिवशी सकाळी दोन बस आत गेल्या. खिडकीतून जे चेहरे दिसले, ते द्वारसभेत हात वर करणाऱ्या पोरांचेच होते. आमच्यातल्या काहींनी त्यांना शिव्या घातल्या. एकाने बसच्या काचेवर हात मारला. त्यावरून पुढे सात जणांची खात्यांतर्गत चौकशी लागली आणि तिघांची नोकरी गेली, ती परत मिळवून देता आली नाही. त्या पोरांचा काय दोष होता? त्यांना रोजचा रोज मिळत होता, करारात त्यांना काही नव्हतं, आणि संप यशस्वी झाला असता तरी त्यांच्या हातात एक पैसा वाढला नसता. आजही कुठल्याही प्लांटवर नजर टाका. पिंप हलवणारा, फिल्टर धुणारा, टँकर रिकामा करणारा बहुतेक वेळा ठेकेदाराचाच असतो. मागणीपत्रकाचं पहिलं पान त्याच्या किमान वेतनाचं, त्याच्या मास्कचं, त्याच्या भविष्यनिर्वाह निधीचं असायला हवं. मग बस भरणं अवघड होईल.

आणि गाव. मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे.

लोट्याची एमआयडीसी परशुराम घाटाच्या माथ्यावर, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला. रासायनिक कारखान्यांचं पाणी उतारानं जातं ते सोनपात्रा नदीकडे आणि पुढे दाभोळच्या खाडीत. खाडीकाठच्या भोई समाजाचं जाळं पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात. मासे मरून वर यायचे, लोक मोर्चा घेऊन यायचे, आणि तेव्हा कारखान्यांतल्या संघटना आत उभ्या असायच्या. आमच्या संघटनेने तर एकदा कंपनीच्या सांगण्यावरून पत्रही दिलं होतं की आमच्या प्लांटमधून काही सोडलं जात नाही. सही माझी होती. ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवर, काम करणाऱ्या दोघांना खरं काय ते माहीत होतं आणि त्यांनी मला ते सांगितलंही होतं.

संपाच्या बाराव्या दिवशी आम्ही पाच जण खाडीकाठच्या एका वाडीवर गेलो. तांदूळ मागायला आणि रस्त्यावर सोबत उभे राहा म्हणायला. अंगणात जाळं शिवत बसलेले एक वयस्कर काका होते. आमचं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग जाळ्यातली सुई न थांबवता म्हणाले, "आमी गेटवर आलो व्हतो तेवा तुमी आत व्हतात. आता तुमी भायेर आलात, बरा झाला." त्यांनी पायलीभर तांदूळ दिला. सोबत कुणी आलं नाही. तो तांदूळ घेऊन चढण चढताना पाचांपैकी कुणी एकमेकांकडे बघितलं नाही.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. त्यात लोट्याच्या प्रदूषणाची दखल आहे. लोट्याच्या कारखान्यांनी सुमारे अकरा हजार रोजगार दिले, तर खाडीतल्या मासेमारीवर जगणाऱ्या वीस हजारांचा रोजगार बुडाला, हा हिशेब गाडगीळांनी वारंवार मांडला. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे : २८ ऑगस्ट २००७ ते २१ ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात मुंबई पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली तब्बल १९१ दिवस जमावबंदीचे आदेश होते. मोर्चा मासेमाराचा असो की द्वारसभा कामगाराची, आदेश एकच. ज्या जमावबंदीने खाडीकाठचा माणूस गप्प केला जात होता, तिला संघटनांनी कधी विरोध केला नाही, आणि मग तीच आपल्या गेटवर चिकटवलेली दिसली. कारखान्याच्या कुंपणाबाहेर पाठिंबा हवा असेल, तर कुंपणाबाहेरच्या माणसाचं दुखणं संघटनेच्या ठरावात कधीतरी आलेलं असावं लागतं. ईटीपीवरच्या त्या दोघांचं म्हणणं आम्ही वेळेवर लेखी मांडलं असतं, तर कंपनीवर खरा दबाव तिथूनच आला असता.

गावाच्या बळावर संप कसा उभा राहतो, याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. अलिबागजवळ चरीला २७ ऑक्टोबर १९३३ ला कुळांनी खोतांविरुद्ध संप केला : जमीन कसायचीच नाही. तो सहा वर्षं चालला. नारायण नागू पाटील नेते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठिंबा, १९३७ मध्ये पाटलांनी 'कृषीवल' हे स्वतःचं वृत्तपत्र काढलं, आणि त्याच वर्षी आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं. शेत पडीक ठेवून माणसं जगली ती लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून. सहा वर्षं फक्त नेत्याच्या भाषणावर निघत नाहीत. पंचवीस गावांनी एकमेकांना धरलं म्हणून निघाली.

मुंबईत शिवडीच्या हिंदुस्तान लिव्हरमध्ये १९८८-८९ ला टाळेबंदी झाली, ती जवळपास वर्षभर चालली. तिथल्या युनियनने काय केलं? कामगारांना पावडर बनवता येत होती, त्यांनी स्वतः कपडे धुण्याची पावडर बनवली, तिला नाव दिलं 'लॉक-आऊट' आणि ती विकली. देणगीचा डबा पुढे करण्याऐवजी घरोघरी आपल्या हातचा माल गेला, आणि पुड्यावरच्या नावानेच कळलं की आत काय चाललं आहे. मला ही कल्पना आजही फार मोठी वाटते.

उलट बाजूचं ताजं उदाहरण एसटीचं. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. एसटीच्या चालक-वाहकांचे पगार तुटपुंजे आणि तेही वेळेवर नाहीत, हे कोकणात सगळ्यांना माहीत होतं, सुरुवातीला सहानुभूतीही होती. २४ नोव्हेंबर २०२१ ला सरकारने सेवेच्या वर्षांप्रमाणे अडीच ते पाच हजारांपर्यंत मूळ वेतनात वाढ जाहीर केली. ती घेऊन राज्य शासनातल्या विलीनीकरणाची लढाई पुढे नेता आली असती, असं माझं मत आहे. विलीनीकरण नाही तर काहीच नाही, असं ठरलं आणि परतीची वाट उरली नाही. शेवटी ७ एप्रिल २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं. विलीनीकरण झालं नाही. दरम्यान शाळा उघडल्या तरी वाडीवस्तीतली मुलं चालत जात होती, आणि त्यांच्या आईबापांशी कुणी बोललं नाही.

आमच्या संपात एकच गोष्ट आम्ही नीट केली, ती सांगतो, कारण रासायनिक कारखान्यात ती जिवाशी निगडित आहे. संप सकाळी सातला सुरू व्हायचा होता आणि रात्रपाळीच्या एका रिअॅक्टरमध्ये बॅच अर्ध्यावर होती. ती उष्णता सोडणारी प्रक्रिया. ढवळणं किंवा थंड ब्राइन मध्येच थांबलं तर तापमान हाताबाहेर जातं. चार ऑपरेटर घरी गेले नाहीत. सव्वानऊपर्यंत थांबून बॅच पूर्ण केली, रिअॅक्टर रिकामा केला, धुतला, व्हॉल्व्ह बंद केले आणि लॉगशीटवर दर पंधरा मिनिटांचं तापमान लिहून पाळीप्रमुखाची सही घेतली. पुढे घातपाताचा आरोप झाला तेव्हा त्या लॉगशीटच्या झेरॉक्सने चौघांना वाचवलं. २० मार्च २०२१ ला लोट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले, ते ज्यांनी पाहिलं त्यांना या सव्वादोन तासांचं मोल वेगळं सांगायला नको. बॉयलर, चिलिंग, ईटीपी आणि आग विझवणारी यंत्रणा कोण सांभाळणार, याची यादी नोटिशीसोबतच द्या आणि पोच घ्या.

करार शेवटी दोन हजारांवर झाला, संपाआधीच्या आकड्याहून दोनशे जास्त. बावीस दिवसांचा पगार गेला. तीन घरं उघड्यावर आली. समझोत्यात 'संपाच्या कारणावरून कुणावरही कारवाई होणार नाही' हे कलम घालायचं राहिलं, कारण त्या रात्री सगळ्यांना फक्त सही करून घरी जायचं होतं. ते कलम पगाराच्या आकड्याआधी लिहून घ्यायचं असतं.

आज करार रखडलेल्या कारखान्यात कुणी मला बोलावलं तर मी पहिली गोष्ट मतपेटीची सांगतो. तिन्ही पाळ्यांना वेगवेगळं मतदान, गुप्त, खात्यानुसार मोजणी, निकाल फळ्यावर. ५१ टक्के आले तर थांबा आणि उरलेल्या ४९ शी बोला. घडीच्या कागदावर भीतीही लिहिता येते, वर गेलेल्या हाताला ती सोय नसते. दुसरी गोष्ट घरोघरी जाण्याची, आणि जाताना बायकांशी आधी बोलण्याची. तिसरी ठेकेदारी पोरांना सोबत बसवण्याची. एवढं करूनही संप करू नये असंच निघालं, तर काळ्या फिती, जादा पाळीला नकार, समेट अधिकाऱ्यापुढची चिकाटी, हे सगळे रस्ते आहेत. पण तेही कराराला आणि कायद्याला धरून, वकिलाला विचारून.

ती वही घरी कपाटात आहे. पावसात भिजल्यामुळे पहिली चार पानं चिकटली आहेत, पण १६८ चा आकडा आणि पंधराव्या दिवसाचा ५४ चा आकडा स्वच्छ वाचता येतो. लोट्यातल्या कुठल्याही संघटनेच्या मुलांनी नोटीस टाईप करायला देण्याआधी एकदा यावं, ती चाळावी आणि हवं ते उतरवून घ्यावं.